तेहतिसाव्या दिवशी आईपासून तोडलेलं पिल्लू: एका प्रकरणाची नोंद

शिवजयंतीचा दिवस होता. सांगलीतल्या आमच्या दवाखान्यासमोरून मिरवणूक चालली होती आणि ढोलांनी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. त्या गर्दीतून वाट काढत एक आजी, त्यांची सून आणि आठ-नऊ वर्षांचा नातू आत आले. सुनेच्या हातात द्राक्षांचा पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात जुन्या बनियनवर लॅब्राडोरचं फिकट पिवळं पिल्लू आडवं पडलेलं. बाहेर एवढा दणदणाट चालला होता, तरी त्याचा कानसुद्धा हलत नव्हता.

"परवा आणलं," सून म्हणाली. "दीड महिन्याचं आहे. पहिली रात्रभर रडलं. काल थोडं दूध प्यालं, आज तेही नको म्हणतंय. आणि सारखं पातळ होतंय."

मी पिल्लाला खोक्यातून थेट टेबलावर घेतलं, जमिनीवर टेकू दिलं नाही. दवाखान्यात दिवसभर आजारी कुत्री येऊन गेलेली असतात. वजन भरलं २ किलो १०० ग्रॅम. तापमान ९९.४ फॅरनहाइट, कुत्र्याच्या मानाने कमीच, म्हणजे ताप नाहीच, उलट अंग थंड पडत चाललेलं. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर बसायला वेळ घेत होती. पोट मात्र डमरूसारखं फुगलेलं.

मग ओठ उचलून तोंड पाहिलं. सुळे हिरडीतून नुकतेच वर आलेले, पुढचे दात तांदळाच्या कणीएवढे आणि दाढांच्या जागी नुसती गुलाबी हिरडी. दातांवरून वय दिवसागणिक सांगता येत नाही. पण दीड महिन्याच्या पिल्लाच्या दाढा डोकावायला लागलेल्या असतात, बोट फिरवलं की टोचतात. इथं काहीच टोचत नव्हतं. हे पिल्लू फार तर पाच आठवड्यांचं होतं.

तासगावकडच्या ज्या द्राक्षबागायतदारांकडून ते आणलं होतं त्यांना मी तिथूनच फोन लावला. माणूस सरळ होता, लपवाछपवी काही नाही. "व्हय, दीड म्हैना म्हणजे असंच अंदाजे सांगितलं. किंक्रांतीला व्याली बघा राणी. करीदिवशी व्याली म्हणून आमची आई काळजी करत हुती, म्हणून ध्यानात हाय."

किंक्रांत १५ जानेवारीची, पिल्लू घरी आणलं १७ फेब्रुवारीला. तेहतीस दिवस.

पुढचे दोन दिवस उपचारांचे होते, ते थोडक्यात सांगते. कातडीखाली सलाईन, हिरड्यांना ग्लुकोज, पोटाशी कोमट पाण्याची बाटली. पार्व्हो म्हणजे पिल्लांची जीवघेणी विषाणूजन्य हगवण, तिची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. हगवणीची कारणं दोन निघाली. एक म्हणजे गाईचं दूध, तेही पाणी घालून, बिस्किट कुस्करून. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश असतात आणि साखर कमी असते. म्हणजे पाणी घातलेल्या दुधाने पिल्लू उपाशीही राहतं आणि त्याचं पोटही बिघडतं. दुसरं कारण जंत. गोलकृमी आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, म्हणून दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यायचं असतं. याला एकदाही दिलेलं नव्हतं. अंगात जरा पाणी आल्यावर दुसऱ्या दिवशी औषध पाजलं आणि संध्याकाळी शेवयांसारखे जंत पडले. आजी घाबरून गेल्या. मला मात्र हायसं वाटलं.

शरीराचं निस्तरत आलं होतं. खरा प्रश्न पुढे होता आणि त्यासाठीच मी हे प्रकरण लिहून काढते आहे.

हगवण थांबली तरी पिल्लू खात नव्हतं. बाजारातलं पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून, बोटाने टाळूला लावून पाहिलं. चाटायचं आणि तोंड फिरवायचं. खोक्याच्या कोपऱ्यात नाक खुपसून बसायचं. नातू जवळ बसला की त्याच्या टी-शर्टच्या काठाला तोंड लावून चोखत राहायचं, आणि तो उठला की किंचाळायचं. ही भूक नव्हती. पाच आठवड्यांचं पिल्लू झोपतं ते सहा भावंडांच्या ढिगात, उठतं ते कुणीतरी अंगावर चढलं म्हणून, आणि खायला शिकतं ते आई खाते ते बघून. हे सगळं एका दिवसात गेलं होतं आणि बदल्यात मिळाला होता एक खोका.

दक्षिण आफ्रिकेत जर्मन शेफर्ड पिल्लांवर झालेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पिल्लं सहा आठवड्यांची असताना आईपासून दूर केली, काही बारा आठवड्यांपर्यंत आईजवळ ठेवली. लवकर तोडलेल्या पिल्लांची भूक गेली, वजन घटलं, ती जास्त आजारी पडली आणि जास्त मेली. ती सहा आठवड्यांची होती. आमच्या टेबलावरचं पाचचं होतं.

मी सुनेला म्हटलं, "याला परत आईकडे नेऊया. तीन-साडेतीन आठवडे. मग घेऊन या."

आजी लगेच म्हणाल्या, "एवढे दिवस तिथं राहिलं तर ते त्यांचंच होऊन बसेल. लहान असतानाच आणलं की लळा लागतो."

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की लवकर पिल्लू तोडण्याचं मूळ यातच आहे असं माझं मत झालं आहे. विकणारा घाई करतो हे खरं. महिना उलटला की पिल्लांचं खाणं वाढतं, आणि वरचं खाऊ लागली की आई त्यांची घाण चाटून साफ करणं सोडते. तोवर जागा कोरडी असते, मग अचानक रोज झाडून काढावी लागते. शिवाय लशीचा खर्च तोंडावर आलेला असतो. पण घेणाराच थांबायला तयार असेल तर विकणारा काय करणार? आणि घेणारा थांबत नाही तो या लळ्याच्या भीतीने.

ही भीती निराधार आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बरच्या प्रयोगशाळेत संशोधकांनी पिल्लं उंच कुंपणाच्या आवारात, माणसापासून दूर वाढवली होती. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या वयात फक्त एक आठवडा माणसाचा सहवास दिला. कुणाला दुसऱ्या आठवड्यात, कुणाला पाचव्या, कुणाला सातव्या, कुणाला नवव्या. १९६१ मध्ये हे निष्कर्ष आले. नवव्या आठवड्यातली पिल्लंसुद्धा माणसाला धरून राहायला शिकली. शिकली नाहीत ती चौदा आठवडे माणूसच न पाहिलेली. त्याच प्रयोगशाळेतल्या स्कॉट आणि फुलर यांनी पुढे १९६५ मध्ये हा सगळा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा म्हणून मांडला. म्हणजे आठव्या-नवव्या आठवड्यात घरी आलेल्या पिल्लासाठी माणसाच्या मायेचं दार सताड उघडं असतं. तोवर माणसांनी त्याला हाताळलेलं मात्र हवं.

आजींना मी प्रयोगशाळा सांगितली नाही. "तुम्ही दर रविवारी जाऊन त्याला मांडीवर घ्या. त्याच्या जागेवर याचा टी-शर्ट ठेवा. आई दूध पाजेल, भाऊ-बहिणी शहाणं करतील आणि लळा तुम्हीच लावा." नातवाला ते लगेच पटलं. तोवर त्याने पिल्लाचं नाव मोत्या ठेवलंही होतं.

परत नेण्यात धोका होता आणि मी तो तोलूनमापून घेतला. बाहेरून आलेलं पिल्लू वेतात परत सोडणं म्हणजे सगळ्या पिल्लांना रोग देण्याची शक्यता. इथं चार गोष्टी आमच्या बाजूने होत्या. जेमतेम चार दिवस झाले होते, ते तिसऱ्या मजल्यावर दुसरं कुत्रं नसलेल्या घरात होतं, पार्व्होची चाचणी निगेटिव्ह होती आणि राणीला दरवर्षी लस मिळत असल्याने पिल्लांना तिच्या चिकातून थोडं संरक्षण मिळालेलं होतं. यातली एक जरी गोष्ट नसती तरी मी परत पाठवलं नसतं. दुकानातून आणलेलं, दहा पिल्लांच्या पिंजऱ्यातून उचललेलं पिल्लू असतं तर नाहीच नाही.

बागायतदारांची अडचण वेगळी होती. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाचा ऐन हंगाम. शेडमध्ये मजूर, खोके, रात्री उशिरापर्यंत पिकअप भरणं. सात पिल्लं कोण बघणार? म्हणून तर महिना भरताच तीन देऊन टाकली होती. "आणि मॅडम, राणीच आता पाजंना झालीय. जवळ गेली की गुरगुरती. म्हणलं आईच नको म्हणती, तर ठेवून काय करायचं?"

मी म्हटलं, "दादा, ती नको म्हणत नाही. शिकवतेय."

त्यांना नियमही सांगितला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम २०१७ साली आले. त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं ते "४५ दिवस". हा आकडा आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तो लशीवरून आलेला असावा. पहिली लस दीड महिन्याच्या सुमारास टोचतात, मग टोचली की पिल्लू द्यायला मोकळं, असा हिशोब रूढ झाला. पण लशीची वेळ आणि आई सोडण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या लशीने पिल्लू सुरक्षितही होत नाही. आईच्या चिकातलं संरक्षण ती लस निष्प्रभ करू शकतं, म्हणून तर सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा टोचावं लागतं.

ठरलं असं: मोत्याच्या घरचे खाण्याचं पोतं देतील, मी सगळ्या पिल्लांना जंताचं औषध आणि लस देईन, आणि उरलेली पिल्लं बागायतदार मार्चच्या मध्यापर्यंत ठेवतील. त्यातलं एक त्यांनी तरी दीड महिन्यालाच देऊन टाकलं. शब्द आधीच गेला होता म्हणाले.

२१ फेब्रुवारीला, सदतिसाव्या दिवशी, मोत्याला घेऊन आम्ही मळ्यात गेलो. कुणीतरी त्याला पावडर लावली होती, ती आधी ओल्या फडक्याने पुसून काढली आणि राणीच्या गोणपाटात त्याला जरा घोळवलं. मग खाली सोडलं. राणी उठून आली. कानापासून शेपटीपर्यंत हुंगलं, उताणं पाडलं आणि बूड चाटायला सुरुवात केली. सून रडायला लागली.

मोत्याने आचळ शोधलं आणि तुटून पडला. राणीने उभ्याउभ्याच मिनिटभर पिऊ दिलं आणि चालू लागली. तो मागे धावला. दुसऱ्यांदा थोडंसं दिलं. तिसऱ्यांदा तिने ओठ वर करून खालच्या आवाजात गुरगुर केली. मोत्या थबकला, खाली बसला, आणि मग भावंडं ज्या परातीत भिजवलेलं खाणं खात होती तिकडे गेला. दोन दिवस आम्ही बोटाने भरवत होतो ते त्याने परातीत दोन्ही पाय घालून खाल्लं.

दूध तोडणं म्हणतात ते हेच. आई एका दिवसात तोडत नाही, तीन-चार आठवडे तोडत राहते. आधी बसून पाजते, मग उभ्याने, मग चालता चालता, मग नाही म्हणते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुयांसारखे दात आले की तिला दुखतं, म्हणून तिचं नाही म्हणणं सुरू होतं. त्या नाहीतून पिल्लाला कळतं की हवं ते लगेच मिळत नाही, थांबावं लागतं आणि थांबल्याने काही बिघडत नाही. घरातलं माणूस हे शिकवू शकत नाही. आपण एकतर लगेच देतो, नाहीतर रागावतो.

दुसरं शिक्षण चाव्याचं. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा मोत्या आणि त्याची काळी बहीण झोंबाझोंबी करत होती. त्याने तिचा कान धरला आणि जोरात दाबला. ती एकदाच किंचाळली आणि खेळ टाकून सरळ पाण्याच्या बादलीकडे निघून गेली. मोत्या तिथंच उभा राहिला, शेपटी अर्धी वर. मग तिच्यामागे जाऊन तिचा कान परत तोंडात घेतला, पण या वेळी नुसता धरला. ती राहिली. खेळ चालू. बारा-पंधरा मिनिटांत हे तीनदा घडलं. आपल्या जबड्यात किती जोर आहे आणि समोरच्याला तो किती सोसतो, हे माप पिल्लाला भावंडांच्या कानांवर मिळतं. ते मिळायचे आठवडे पाचवा, सहावा, सातवा. नेमके तेच आपण विकत घेताना कापून टाकतो.

पिल्लाला माणसंही लागत होती आणि तीही तिथं भरपूर होती. मजूर बायका जेवायच्या सुट्टीत पिल्लं मांडीवर घेऊन बसायच्या, ट्रॅक्टर यायचा-जायचा, खोके आपटायचे. आजी तीन रविवार आल्या. तिसऱ्या रविवारी त्यांचा आवाज ऐकून मोत्या राणीला सोडून फाटकाकडे पळाला, त्यानंतर लळ्याचा विषय निघाला नाही.

१६ मार्चला, साठाव्या दिवशी, तो घरी आला. वजन ४ किलो ९०० ग्रॅम. साठच का, नव्वद का नाही, असं सुनेने विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. चिवावासारख्या अगदी लहान चणीच्या कुत्र्यांना मी दहा-बारा आठवडे सांगते, कारण त्यांची साखर पटकन उतरते. पण मोत्याला आयुष्य फ्लॅटमध्ये काढायचं होतं. लिफ्ट, जिना, कुकरची शिट्टी, मोटारसायकली, शाळेतून येणारी पोरं, यातलं बरंच मळ्यात नव्हतं, आणि नवं सहज स्वीकारण्याचा काळ बाराव्या आठवड्याच्या आसपास आटत जातो. आईकडून घ्यायचं घेऊन झालं आणि माणसांच्या घरचं शिकायला अजून महिना हातात आहे, असा बिंदू आठव्या-नवव्या आठवड्यात येतो. एक काळजी मात्र घ्यायची. आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास पिल्लं दचकरी होतात, तेव्हा बसलेली धास्ती टिकते. म्हणून पाडव्याच्या शोभायात्रेचा गोंगाट टाळून, त्याआधीचा एक साधा शांत सोमवार निवडला. सुनेने दोन दिवस रजा घेतली. राणीच्या गोणपाटाचा एक तुकडा सोबत दिला. पहिल्या रात्री तो वीस मिनिटं कुईकुई करून त्या तुकड्यावर झोपला.

याच वेतातलं आणखी एक पिल्लू माझ्याकडे येतं, म्हणून ही नोंद अर्धवट सोडता येत नाही. ब्रूनो. तोही तेहतिसाव्या दिवशी दिलेला, पण मिरजेतल्या एका जोडप्याकडे, आणि तो परत गेला नाही. पाच महिन्यांचा असताना ते त्याला घेऊन आले तेव्हा दोघांच्याही मनगटांवर ओरखड्यांच्या रेघा होत्या. ब्रूनो खेळतानासुद्धा पूर्ण जोराने चावायचा, खाण्याच्या भांड्याजवळ कुणी गेलं की ताठ होऊन गुरगुरायचा, आणि दार लावून दोघं बाहेर पडले की शेजाऱ्यांचे फोन यायचे. माणसं प्रेमळ आहेत, त्याच्यासाठी खर्चही करतात.

दोन भावंडांवरून सिद्धांत मांडता येत नाही. घरं वेगळी, माणसं वेगळी, स्वभावही वेगळे असतील. पण इटलीत १४० कुत्र्यांची तुलना झाली होती, ७० कुत्री तीस ते चाळीस दिवसांत तोडलेली आणि ७० दोन महिन्यांनी. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लवकर तोडलेल्यांमध्ये जास्त भुंकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, आवाजांना बिचकणं, खाण्यावर आणि खेळण्यांवर हक्क गाजवणं, वस्तू फाडणं, सतत लक्ष मागणं हे सगळं जास्त आढळलं. त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी ब्रूनोच्या घरच्यांनी मला न विचारता सांगितल्या होत्या.

कुणी विचारेल, रस्त्यावरच्या पिल्लांचं काय? थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात आणि दया येऊन लोक उचलून आणतात. माझं सांगणं एवढंच की आधी तासभर लांब उभं राहून बघा. आई बहुतेक वेळा अन्न शोधायला गेलेली असते. ती येत असेल तर तिलाच खायला घाला, पिल्लं तिच्याजवळ राहू द्या. ती मेलीच असेल तर निदान भावंडांची ताटातूट करू नका, आठ आठवड्यांची होईपर्यंत दोन तरी एकत्र ठेवा, आणि एखादी शांत, लस झालेली मोठी कुत्री ओळखीत असेल तर तिच्या सहवासात ठेवा.

ब्रूनोसाठी आम्ही तेच उशिरा करून पाहिलं. ओळखीच्या घरातली सहा वर्षांची एक कुत्री आहे, स्वभावाने थेट राणीसारखी. आठवड्यातून तीनदा ते त्याला तिच्याकडे नेतात. पहिल्या दिवशी तो तिच्या अंगावर चढला, तिने फक्त ओठ वर केला आणि त्याला त्याचा अर्थच कळला नाही. तो तसाच चढत राहिला. आता दोन महिन्यांनी ओठ हलला की तो मागे सरतो. हाताला चावणं बरंच कमी झालं आहे. खाण्याचं भांडं मात्र अजून वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं, आणि तो खात असताना दार लावून घ्यावं लागतं.